बॅरन म्हणजे कोण?



आजच्या विषयाची पाटी बाहेर खडूने लिहिली आहे. ती वाचून आत येता येता एका गृहस्थांनी मला विचारलं, "इंग्लंडातल्या सरदारांवर बोलणार का?" चूक त्यांची नाही. देवनागरीत सरदारही 'बॅरन' आणि नापीकही 'बॅरन'. खुद्द इंग्रजाच्या तोंडून दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. मी आज दुसऱ्याबद्दल बोलणार आहे. ज्यांना सरदार हवे होते त्यांनी माफ करावं.

हा शब्द साधारण 1200 च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आपली समजूत अशी असते की आधी जमीन नापीक ठरली असेल आणि मग उपमेने बाई. इंग्रजीत घडलं उलटं. विशेषण आधी बाईला चिकटलं आणि जमिनीकडे गेलं ते चौदाव्या शतकात. पुढे चर्चेला, कल्पनेला, आणि आता तर महिनाभर गोल न मारणाऱ्या फुटबॉलपटूच्या काळालाही ते लागतं.

बायबलच्या 1611 च्या इंग्रजी भाषांतरात सारा, राहेल, अलीशिबा या साऱ्याजणी बॅरन आहेत. गंमत अशी, की त्याच बायबलात देव आपल्या लोकांना वचन देतो तेव्हा तुमच्यात बॅरन पुरुष वा स्त्री राहणार नाही, गुरांतही राहणार नाही, असं म्हणतो. मूळ हिब्रूत त्या जागी शब्दाची पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशी दोन्ही रूपं आहेत. म्हणजे पुरुषाचं नाव यादीत होतं. वापरणाऱ्यांनी ते हळूच गाळलं.

शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' मी वर्षानुवर्षं शिकवलं. पहिल्याच अंकात लुपरकेलियाचा सण आहे, अँटनी शर्यतीत धावणार आहे, आणि सीझर त्याला बजावतो, की धावताना कॅल्पर्नियाला शिवायला विसरू नकोस, म्हणजे तिचं वंध्यत्व जाईल. त्या एका वाक्यात 'बॅरन' आणि 'स्टराईल' हे दोन्ही शब्द आहेत. सगळ्या रोमसमोर नवरा हे बोलतो. कॅल्पर्निया काही बोलत नाही. जवळजवळ दरवर्षी वर्गातली एखादी मुलगी विचारायची, "सर, त्याने सीझरला का शिवायचं नाही?" मी सांगायचो, सीझरला आधीच्या लग्नाची मुलगी होती. उत्तर इतिहासाला धरून होतं. पण ती लेक नसती, तरी सीझरने स्वतःला शिवून घेतलं असतं असं मला वाटत नाही.

'स्टराईल'चं नशीब मात्र पालटलं. हा मूळचा लॅटिन शब्द, आणि आपल्या घरातला नातेवाईक. ऋग्वेदात न विणाऱ्या गाईला 'स्तरी' म्हटलं आहे. अश्विनांनी शयू नावाच्या माणसाच्या अशाच गाईला दुभती केलं. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. पण एकोणिसाव्या शतकात पाश्चर आणि लिस्टर यांच्यामुळे जंतू डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि ज्यावर काही वाढत नाही ते उत्तम ठरलं. आज ऑपरेशन थिएटरमध्ये हातमोजे स्टराईल नसतील तर सर्जन रागावतो. डॉक्टरांना अपत्यहीनतेसाठी 'इन्फर्टाईल' हा निराळा शब्द बरा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत बारा महिने प्रयत्न करूनही गर्भ न राहणं म्हणजे इन्फर्टिलिटी, आणि दोष स्त्रीच्या प्रजननसंस्थेत असेल किंवा पुरुषाच्या, हेही त्यात स्पष्ट आहे. संघटनेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे जगातल्या साधारण सहापैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो.

बॅरनला असा सर्जन भेटला नाही. पण एक शेतकरीण भेटली. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये 'पाइन बॅरन्स' नावाचा मोठा मुलूख आहे. नाव ऐकून माळरान डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात घनदाट पाइनचं जंगल. जमीन वाळूची, आंबट. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांची नेहमीची पिकं तिथे येईनात, म्हणून त्यांनी अख्ख्या जंगलाला वांझ ठरवलं. तिथल्याच एलिझाबेथ व्हाइट यांनी फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या साथीने रानातली ब्लूबेरी लागवडीखाली आणली, आणि 1916 मध्ये पहिलं पीक बाजारात गेलं. ब्लूबेरीला आंबट मातीच लागते. जमीन तीच होती; मागणाऱ्यांनी गहू मागितला होता.

बाईला मात्र हा शब्द चिकटूनच राहिला. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाचे सिनेटर बिल हेफरनन यांनी तिथल्याच नेत्या ज्युलिया गिलार्ड यांना जाणूनबुजून बॅरन राहिलेली बाई म्हटलं, आणि अशी व्यक्ती देश चालवायला लायक नाही असं सुचवलं. ओरड झाली, त्यांना माफी मागावी लागली. 2010 मध्ये गिलार्डबाई पंतप्रधान झाल्या.

आता घरचं बघू. जमिनीपुरते आपण सभ्य आहोत: नापीक, बरड, पडीक, खडकाळ. (बरड आणि बॅरन यांचं नातं जोडू नका; तो नुसता आवाजाचा योगायोग.) गाय आटली की भाकड, आणि त्यावरून भाकडकथा. संस्कृत वंध्येची प्राकृतात वंझा झाली, मराठीत वांझ. त्याला पुरुषाचा जोड शब्द रोजच्या बोलण्यात नाही. 'निपुत्रिक' आहे, पण चार मुलींचा बापही निपुत्रिकच!

इंग्रजी कोश आज बाईच्या अर्थापुढे 'जुना' अशी खूण करतात. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात वांझ म्हणायचं टाळणारे सुशिक्षितही अग्रलेखात 'वांझोटी चर्चा' बेधडक लिहितात. मीही लिहिलं आहे. संपादकमंडळी समोर बसली आहेत, त्यांना विनंती: यापुढे 'निष्फळ' लिहा. अक्षरं मोजून बघा, तीनच लागतात.