केस न गळणारं कुत्रं

(सातारा येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संगम माहुलीला आपण खंड्याची समाधी पाहिली असेल. थोरल्या शाहू महाराजांचा हा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्यानं महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला आणि तो गेल्यावर संगमाच्या काठी त्याची समाधी बांधली. कुत्र्याचं ऋण मानण्याची ही आपल्या गावची रीत आहे. आज मी त्याच रीतीला धरून एका नाजूक प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

मी पशुवैद्य. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलो आणि सातारा-सांगली याच दोन जिल्ह्यांत काम करत आलो. माझ्याकडे अधूनमधून एखादी आई येते. मूल स्वमग्न असतं, किंवा त्याला सेरेब्रल पाल्सी असते, आणि जोडीला दमा किंवा अंगावर उठणाऱ्या गांध्या. कोणीतरी सांगितलेलं असतं की कुत्र्यानं मूल खुलतं. मग ती विचारते, “डॉक्टर, केस न गळणारं कुत्रं मिळेल का?”

या प्रश्नामागची माया मला कळते. पण उत्तर खरं द्यायला हवं. ॲलर्जी मुळात केसाची नसतेच. ती कुत्र्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या आणि लघवीतल्या प्रथिनांची असते. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे ‘कॅन एफ-१’. कुत्रं अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे बारीक कण हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटतात. म्हणून आखूड केसांच्या कुत्र्यानंही शिंका येतात आणि कुत्रं नसलेल्या शाळेच्या वर्गातही हे प्रथिन सापडतं.

ॲलर्जी न देणारी जात शोधायचा प्रयत्न मोठ्या माणसांनीही केला. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉन्‍रन नावाचे गृहस्थ होते. हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंना कुत्रं हवं होतं, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी. कॉन्‍रननी १९८९ च्या सुमारास लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. एका वेताची तीन पिल्लं झाली. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले. एकाच पिल्लाचा नमुना त्या बाईंच्या नवऱ्याला सोसला, आणि तेच पुढे त्या बाईंकडे गेलं. बाकी दोघांचे आईबाप तेच, वेत तेच, तरी ती चालली नाहीत. सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. पण जगानं उचललं ते ‘लॅब्राडूडल’ हे नाव. बाजार इतका बोकाळला की आपण हे सुरूच करायला नको होतं, असं कॉन्‍रन म्हातारपणी म्हणाले. पुढे अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये २०११ आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत, ‘ॲलर्जी न देणाऱ्या’ म्हणवणाऱ्या जातींच्या घरांत हे प्रथिन इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कमी आढळलं नाही. तेव्हा कोणी पिल्लाच्या किमतीत ‘ॲलर्जी-फ्री’ म्हणून पंधरा-वीस हजार वाढवून मागत असेल, तर हात जोडून परत या.

मग करायचं काय? पहिली पायरी माझ्या दवाखान्याची नाही. ती मुलाच्या डॉक्टरांची. मूल कशानं धापा टाकतं ते आधी कळू द्या. आपल्याकडे कारणांना तोटा नाही. गळीत हंगामात उसाच्या फडाची काजळी अंगणात पडते. माण-खटावची धूळ आहे. कृष्णाकाठच्या सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घराघरांत भिंतींना ओल धरली, बुरशी आली. गादीतल्या धुळीच्या किड्यांना तर पुराचीही गरज नाही. त्वचेवरची किंवा रक्ताची तपासणी करून नेमकं कारण शोधता येतं. त्यातून एक उपयोगी गोष्टही कळू शकते. ‘कॅन एफ-५’ हे प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. मुलाला फक्त त्याचीच ॲलर्जी असेल, तर मादी किंवा खच्ची केलेला नर सोसण्याची शक्यता असते. पण दमा जोरात असेल आणि डॉक्टर नको म्हणत असतील, तर तिथे घासाघीस नाही. मुलाच्या श्वासापुढे कुठलीही हौस मोठी नाही.

डॉक्टरांनी होकार दिला, तर जात निवडू नका, एक ठरावीक कुत्रं निवडा. मुलाला त्याच कुत्र्याजवळ न्या. आधी अंगणात थोडा वेळ, मग जास्त, मग बंद खोलीत. डॉक्टरांनी दिलेला पंप पिशवीत असू द्या. एका दिवसावर निकाल देऊ नका. काही त्रास उशिरा दिसतात. दोन-तीन आठवडे अशा भेटी झाल्यावरच पुढचं बोलू. कारण एकदा कुत्रं घरात राहिलं आणि मग परत दिलं, तर त्याची प्रथिनं गादी-पडद्यांत कित्येक आठवडे राहतात, आणि मुलाच्या मनातली जागा त्याहून जास्त दिवस रिकामी राहते.

आता स्वभावाकडे येऊ. माझा आग्रह असतो की पिल्लू घेऊ नका. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात, ते उड्या मारतं, रात्री रडतं. आवाजानं कान झाकून घेणाऱ्या मुलाला ते पेलत नाही. दोन वर्षांपुढचं कुत्रं घ्या. त्याचा स्वभाव ठरलेला असतो. आपल्या भागातलं कारवानी देखणं, आखूड केसांचं, पण ते सशामागे धावायला घडलेलं कुत्रं. त्याला मोकळं रान लागतं आणि अचानक धरलेलं अनेकदा खपत नाही. पामेरियन भुंकतं फार. लॅब्राडोर मायाळू, पण केस भरपूर आणि आटपाडी-जतच्या उन्हात त्याचे हाल. शांत गावठी कुत्री मी कित्येक घरांत उत्तम नांदताना पाहिली आहेत.

कुत्र्याचंही ऐका. ते ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, तोंड फिरवतं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतं, अंग ताठ करतं, तेव्हा ते “आता पुरे” म्हणत असतं. बोलता न येणाऱ्या आपल्या मुलाच्या खुणा जी आई ओळखते, तिला याही ओळखता येतात. मूल आणि कुत्रं यांना एकटं मात्र कधीही सोडू नका. रेबीजची लस, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त यात चुकारपणा नको. दात लागला तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा. मुलाच्या झोपायच्या खोलीत कुत्र्याला प्रवेश नाही. अंघोळ आठवड्यातून दोनदा घातली तरच प्रथिन काहीसं कमी होतं. ही कामं कोण करणार, ते आधी ठरवा. थेरपीच्या फेऱ्यांनी दमलेल्या आईवरच तीही पडणार असतील, तर थांबा.

इतकं सांगितल्यावर लोक विचारतात, मग कुत्र्यानं फायदा होतो तरी का? न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे येणारा, कोणाशी न बोलणारा मुलगा त्यांच्या जिंगल्स या कुत्र्याशी रमला, आणि १९६० च्या दशकापासून त्यांनी या विषयावर लिहिलं. फ्रान्समधल्या २०१२ च्या एका अभ्यासात, वयाच्या पाच वर्षांनंतर घरात पाळीव प्राणी आलेली काही स्वमग्न मुलं वस्तू वाटून घेणं, दुसऱ्याला धीर देणं यात पुढे गेलेली दिसली. आपल्याकडे मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन शिकवलेली कुत्री घेऊन मुलांसोबत काम करते. फायदा होतो. पण तो थेरपीच्या जोडीला होतो, आणि त्यासाठी कुत्रं आपल्याच घरात असायला हवं असंही नाही.

कवठेमहांकाळ तालुक्यातलं एक घर आठवतं. नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा, दमा. लॅब्राडोरचं पिल्लू ठरलं होतं. मी थांबवलं. तपासणीत धुळीची आणि कुत्र्याची, दोन्ही ॲलर्जी निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी घरात कुत्रं नको म्हणून सांगितलं, पण मोकळ्या हवेतल्या छोट्या भेटींना परवानगी दिली. मामाच्या वस्तीवर सहा वर्षांची एक गावठी कुत्री होती, काळी नावाची. दर रविवारी ते तिकडे जायचे. पहिल्या वेळी पोरगा वीस पावलांवर लिंबाखाली उभा राहिला. काळी भाकरीचा तुकडा खाऊन पाठ वळवून बसली, त्याच्याकडे बघितलंही नाही. तेच त्याला आवडलं असावं. चौथ्या रविवारी त्यानं पालथा हात तिच्या पाठीवर ठेवला, दहापर्यंत मोजलं आणि काढला. पुढे आईनं त्याला लांब दांड्याचा ब्रश दिला. परतताना हात-तोंड धुवायचं, शर्ट बदलायचा, काढलेला वेगळ्या पिशवीत. हा नियम त्यानं इतका पाळला की बाकीच्यांना तोच आठवण करून देऊ लागला.

गेल्या खेपेला त्याची आई भेटली. म्हणाली, “अजून फारसा बोलत नाही. पण शनिवारी संध्याकाळी ब्रश आपणहून पिशवीत टाकतो.”

मित्रहो, घरी जाऊन आपल्या ओळखीच्या अशा एखाद्या आईला एवढंच सांगा, की जात विचारू नका. मुलाला घेऊन एका कुत्र्यापाशी बसा आणि दोघांना वेळ द्या.