वृद्धाश्रमातील आबाळ : ओळख आणि उपाय

वृद्धांचा छळ म्हटले की मनासमोर प्रथम मारहाण उभी राहते. मारहाणीची खूण अंगावर उमटते, तिची चर्चा होते, प्रसंगी तक्रारही होते. आबाळीचे तसे नाही. ती केलेल्या कृत्यातून नव्हे, तर न केलेल्या कृत्यांतून घडते. ओली चादर बदललेली नसते, पाण्याचा पेला हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवलेला असतो, चष्मा कपाटात बंद असतो. यांपैकी कोणतीही एक गोष्ट गुन्हा वाटत नाही. महिनोन्‌महिने त्या एकत्र घडत राहिल्या, की माणूस खंगतो.

महाराष्ट्रात निराश्रितांना आश्रय देण्याची परंपरा जुनी आहे. १९९५ मध्ये राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रम योजना हाती घेतली. आज धर्मादाय वृद्धाश्रमांबरोबरच मोठे मासिक शुल्क आकारणारी खाजगी शुश्रूषा केंद्रेही शहरोशहरी दिसतात. शुल्क मोठे म्हणून देखभाल चांगली, असे मात्र गृहीत धरता येत नाही.

आबाळ ओळखावी कशी? अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे माकडहाड, कमरेच्या बाजू आणि टाचा प्रथम पाहाव्यात. साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर शरीराचा भार पडणाऱ्या या जागी शय्याव्रण होतात. जखम होण्यापूर्वी त्वचेवर लाली येते आणि बोटाने दाबले तरी ती जात नाही. सावळ्या वर्णावर ही लाली सहसा दिसत नाही. तेथे हात लावून पाहावे. आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, कठीण किंवा दुखरी लागते. कोरडी पडलेली जीभ, मनगटावरून कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या, सैल झालेली कवळी, मनगटावर बांधल्याचे वळ, भर दुपारीही न उतरणारी गुंगी ही लक्षणेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. गुंगी दिसल्यास कोणते औषध, कोणाच्या सल्ल्याने दिले जाते, हे विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे. अर्थात प्रत्येक काळानिळा डाग हा छळाचा पुरावा नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना किरकोळ धक्क्यानेही असे डाग पडतात. दोन्ही दंडांवर बोटांच्या ठशांसारखे डाग असतील, तर मात्र खुलासा मागितलाच पाहिजे.

पैशांची लूट तर अंगावर दिसतही नाही. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा घेतला जातो. तो नेमक्या कोणत्या कागदावर घेतला आणि निवृत्तिवेतनाचे पासबुक कोणाच्या ताब्यात आहे, याची चौकशी करावी.

सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. विचारले तर वृद्ध सांगतात, “सगळे ठीक आहे.” कारण उघड आहे. भेटीस आलेले सायंकाळी परत जातात. रात्री पाणी मागायचे असते ते त्याच सेवकाकडे. म्हणून विचारपूस सेवकासमोर करू नये. बागेत किंवा व्हरांड्यात नेऊन, घाई न करता बोलावे. भेटीही ठरावीक रविवारीच नसाव्यात. कधी जेवणाच्या वेळी, कधी संध्याकाळी जावे. अवेळी येणाऱ्या नातेवाइकाला दारातच थोपविणाऱ्या संस्थेविषयी शंका घेणे गैर नाही.

सेवकांची बाजूही पाहिली पाहिजे. एकट्या सेविकेवर रात्री पंचवीस-तीस वृद्धांचा भार असेल, तर दर दोन तासांनी सर्वांची कूस बदलणे तिला अशक्यच आहे. प्रवेश घेताना लोक बाग पाहतात, देवघर पाहतात, दूरचित्रवाणी संच आहे का तेही विचारतात. रात्री किती माणसे कामावर असतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

शंका बळावल्यास दिनांक, वेळ आणि दिसलेली गोष्ट वहीत नोंदवावी. वृद्धाच्या संमतीने छायाचित्र घ्यावे आणि बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे जावे. जिवाला धोका असेल तर हे टप्पे न पाळता ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे आणि वृद्धाला रुग्णालयात हलवावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या अधिनियमाखालील न्यायाधिकरण हे मुख्यतः मुलांकडून व नातेवाइकांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. संस्थेच्या हयगयीची तक्रार तेथे नेण्यात वेळ जातो. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार, ज्याच्यावर देखभालीची जबाबदारी आहे अशा कोणीही वृद्धाला कायमचे टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५७ तर थेट अशा संस्थांना लागू पडू शकते. आजारपणामुळे वा दुबळेपणामुळे असहाय झालेल्या व्यक्तीची देखभाल करण्याचा करार करून ती हेतुपुरस्सर न करणे हा त्यानुसार गुन्हा असून शिक्षा तेवढीच आहे. १८६० च्या दंड संहितेत याच गुन्ह्याचा दंड दोनशे रुपये होता! म्हणूनच प्रवेशाच्या वेळचा करारनामा व शुल्काच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

कोठे जावे हेच उमगत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दूरध्वनी नातेवाइकानेच करावा असे बंधन नाही. शेजारच्या खाटेवरील वृद्धही तो करू शकतो.