ब्रेक पॅड : रस्त्यावरचे आणि ट्रॅकवरचे

ब्रेक पॅड डिस्कवर घासला की गाडीच्या गतीची उष्णता होते. ही उष्णता किती साचणार, यावर पॅडची निवड ठरते. शहरातल्या वाहतुकीत तापमान सहसा शंभर-दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मात्र किलोमीटरभर लांबीच्या सरळ पट्ट्यानंतर जोरात ब्रेक दाबावा लागतो, तोही प्रत्येक फेरीत. तिथे ते पाचशेच्याही वर जाऊ शकते. मग साध्या पॅडमधली राळ जळू लागते, वायू सुटतो आणि पकड ढिली पडते. यालाच ‘फेड’ म्हणतात.

शर्यतीचे पॅड ही उष्णता सोसतात. पण थंड असताना त्यांची पकड कमी असते. शिवाय ते किंचाळतात आणि डिस्क लवकर झिजवतात. सकाळी फाटकाबाहेर पडताच कुणी आडवे आले, तर असा पॅड धोक्याचाच.

वर्षातून एखाद-दोन वेळा ट्रॅकवर जाणाऱ्याला थंडपणीही पकडणारा चांगला सेमी-मेटॅलिक पॅड पुरतो. वारंवार जाणाऱ्याने दोन वेगळे संच ठेवावेत. नवा संच बसवल्यावर वेग हळूहळू वाढवत, मधूनमधून ब्रेक लावून तो डिस्कवर रुळवावा लागतो.

ब्रेक ऑइलकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. ऑइल उकळले, तर महागडा पॅडही कामाचा नाही.