मुंबई-नागपूर : अंतर आणि अवधी



मुंबई ही राज्याची राजधानी आणि नागपूर ही उपराजधानी. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर दोहोंतील सरळ अंतर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. लोहमार्ग कल्याण, मनमाड, भुसावळ, अकोला अशी वळणे घेत जातो. त्यामुळे तो ८३७ किलोमीटरचा होतो. समृद्धी महामार्गाची लांबी आहे ७०१ किलोमीटर. रस्ता जणू पक्ष्याच्या वाटेइतका सरळ झाला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु या आकड्यात एक मेख आहे. हा महामार्ग ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे सुरू होतो आणि नागपूरच्या वेशीवर शिवमडका येथे संपतो. आमणे ते मुंबई हा वर्दळीचा टप्पा त्या ७०१ मध्ये धरलेला नाही.

अंतरापेक्षा अवधीचा हिशेब अधिक फसवा. विमान सुमारे दीड तासात पोहोचते खरे. पण घर ते विमानतळ, तेथील तपासणी आणि प्रतीक्षा, उतरल्यावर सामान व पुन्हा शहरातील रस्ता, हे सारे धरल्यास प्रवासाचे चार-साडेचार तास सहज होतात. जुन्या रस्त्याने जेथे सोळा तास मोडत, तेथे महामार्गाने सुमारे आठ तास लागतात. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. शेवटच्या टप्प्यातील सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटाची चढण टळली.

आकाशातून पाहिले तर नागपूर कधीच दूर नव्हते. १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरासच एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. जमिनीवर मात्र हेच शहर राज्याच्या एका टोकास. विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरवण्याच्या प्रथेमागे या दुराव्याचीही जाणीव आहे.

वेग वाढला की धोकाही वाढतो. हलक्या वाहनांस येथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे डोळे नकळत मिटतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजानजीक खासगी बसला अपघातानंतर आग लागून २५ प्रवासी दगावले. आठ तासांच्या प्रवासात दोनदा थांबून विश्रांती घेतली तर अर्धा-पाऊण तास जातो; तो हिशेबात आधीच धरावा.

खरा फरक पडला तो मधल्या गावांना. मेहकरच्या माणसास विमान धरायचे तर आधी दूरचे शहर गाठावे लागते; त्याला महामार्गच जवळचा. तथापि हा मार्ग दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे आणि दुचाकी, तीनचाकी वाहनांस तेथे मज्जाव आहे. शिवारातून धावत्या गाड्या दिसतात, पण वर चढण्यासाठी इंटरचेंजपर्यंत जुन्याच गावरस्त्याने जावे लागते. रुग्णास घेऊन निघालेल्या गाडीचा वेळ तेथेच जातो. पावसाळ्यात तो रस्ता खचला, तर त्या गावापासून मुंबईचे अंतर किती तासांचे, हे ग्रामपंचायतीलाच ठाऊक असते.