अल्ला बंद : जमीन उचलल्याची साक्ष



भाषेच्या व्यासपीठावर भूगोलाच्या मास्तरला बोलावलेत, म्हणून एका नावापासूनच सुरुवात करतो. कच्छच्या मोठ्या रणात, सिंधच्या सीमेवर, ‘अल्ला बंद’ नावाचा लांबलचक उंचवटा आहे. बंद म्हणजे आपला बांध. सिंधच्या सत्ताधीशांनी सिंधूच्या त्या फाट्यावर पूर्वी बांध घातलेच होते. हा मात्र कोणी घातला नाही. १६ जून १८१९ रोजी संध्याकाळी भूकंप झाला आणि सपाट रणात सुमारे ८०-९० किलोमीटर लांबीचा पट्टा वर आला, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत. हे माणसाचे काम नव्हे, एवढे लोकांनी नावातच नोंदवून ठेवले.

त्या उंचवट्याच्या दक्षिणेस, आठेक किलोमीटरवर, सिंद्री हा जकातीचा छोटा किल्ला होता. तिथली जमीन त्याच भूकंपात खचली आणि पाणी आत शिरले. आतली माणसे बुरुजावर चढून बसली. दुसऱ्या दिवशी होड्यांतून त्यांची सुटका झाली. इथे जमीन वर, तिथे खाली. समुद्राची पातळी बदलली असती तर पाणी दोन्हीकडे सारखेच चढले किंवा उतरले असते. म्हणजे हलली ती जमीनच. पुढे १८२६ साली सिंधूच्या पुराने हा बंद फोडून वाट काढली. दुसऱ्या वर्षी अलेक्झांडर बर्न्स तिथे जाऊन आला आणि त्याने दिलेली माहिती चार्ल्स लायेलने आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात घेतली.

इतकी स्वच्छ साक्ष क्वचितच मिळते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर लाटांनी खडकात कोरलेल्या खाचा आज भरतीच्या वर दिसतात. कोकणातही वाळू-शिंपल्यांचे चुन्याने सांधलेले थर पाण्यापासून वर सापडतात. पण सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी समुद्रच आजच्यापेक्षा थोडा उंच होता, असे अनेक अभ्यासक मानतात. मग जमीन चढली की पाणी उतरले? खाचांची उंची लांबवर सारखी असेल तर संशय समुद्रावर. जागोजागी वेगळी असेल तर जमिनीवर. (शिंपले एखाद्या वादळानेही वर फेकलेले असतात, हे विसरू नये.)

इथे आपले लेखक परशुरामाचा बाण काढतात. कथा मला प्रिय आहे, पण तिच्यात ना तारीख आहे, ना उंची; आणि ती कोकणापासून केरळपर्यंत सांगितली जाते. जमीन उचलल्याचा पुरावा म्हणून मी ती लावणार नाही. ‘अल्ला बंद’ हे नाव मात्र लावीन. त्याला दिवस आहे, जागा आहे, बुडालेला शेजारी आहे.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो : किनाऱ्यावर अशी खाच दिसली तर फोटोच्या आधी भरतीच्या रेषेपासून तिची उंची मोजा. मग दहा-वीस किलोमीटरवर दुसरी शोधा.