‘एन्ग्रॉसमेंट’ आणि तल्लीनता
(वडनेर येथील प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



इंग्रजीत ‘एन्ग्रॉसमेंट’ असे एक भारदस्त नाम आहे. कोशात त्याचा अर्थ तल्लीनता, मग्नता असा आढळतो व तो बरोबरच आहे. परंतु या शब्दाची जुनी वहिवाट बाजारातील आणि कचेरीतील. हिंगणघाटच्या बाजारात आलेला सारा कापूस एकाच व्यापाऱ्याने उचलावा आणि मग मर्जीप्रमाणे भाव ठरवावा, या कृत्यास इंग्लंडात हाच शब्द होता. तेथे तो गुन्हा समजला जाई. तो कायदा १८४४ साली रद्द झाला. दस्तऐवजाची अखेरची प्रत ठसठशीत अक्षरांत उतरविणे यासही हेच नाव. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ साली सह्यांसाठी तयार झालेली चर्मपत्रावरील प्रत अशीच ‘एन्ग्रॉस’ केलेली होती. कायद्याच्या इंग्रजीत हा अर्थ अद्याप चालतो. तेव्हा अशा कागदात हा शब्द दिसल्यास तेथे कोणी तल्लीन झाले आहे असे समजू नये!

मनासंबंधीच्या अर्थातही ताबा घेण्याची छटा आहे. बाजारातील सारा माल एकाने घ्यावा, तसे सारे मन एका वस्तूने घेतले. म्हणून इंग्रजी वाक्यात पुस्तक कर्ता होते आणि वाचक कर्म. वाचकाविषयी सांगावयाचे तर ‘एन्ग्रॉस्ड इन’ अशी रचना करतात. नाम मात्र क्वचितच येते. ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’ हा त्याहून रुळलेला. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले असले, तरी हा शब्द मुलांना देण्याजोगा नव्हे. शिक्षकांनी तो जाणावा, एवढेच.

मराठीचा मार्ग निराळा आहे. तल्लीन म्हणजे त्यात विरलेला, तन्मय म्हणजे तेच होऊन गेलेला, मग्न म्हणजे बुडालेला. अरबीतून आलेला ‘गर्क’ हाही बुडालेलाच. येथे वस्तू माणसाला धरीत नाही, माणूस आपण होऊन तीत उतरतो. ‘गुंग’ या शब्दात मात्र गुंगीची छाया आहे, आणि हा भेद वर्गात फार उपयोगी पडतो. मोबाइलच्या पडद्यापुढे तासभर बसलेले मूल पुष्कळदा गुंग असते. तल्लीन झालेले मूल भानावर आले की त्याच्यापाशी सांगण्यासारखे, दाखविण्यासारखे काही असते.

आता क्रियापदांकडे पाहावे. लक्ष ‘देतात’, म्हणून ‘लक्ष द्या’ असे बजावता येते. तल्लीन ‘होतात’, ‘तल्लीन व्हा’ असा हुकूम कोणी सोडीत नाही. हाताची घडी आणि तोंडावर बोट, एवढ्याने शांतता मिळते. त्या शांततेला तल्लीनता समजणे ही आपल्या शाळांतील जुनी गफलत आहे. उलट, खिडकीपाशी बसून मुंग्यांची रांग निरखणाऱ्या मुलास ‘दुर्लक्षी’ असा शेरा मिळतो.

मारिया माँटेसरी यांनी रोम येथील आपल्या बालगृहात तीन वर्षांची एक मुलगी पाहिली. लाकडी दट्टे भोकांत बसविण्यात ती रमली होती. भोवती इतर मुलांना गाणे म्हणावयास लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिने ते काम चाळीसहून अधिक वेळा केले. मग ती थांबली, ती प्रसन्न होती.

आपल्या जिल्ह्यात तर या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हस्तोद्योग यंत्रवत करवून घेऊ नये, त्यातून ज्ञान उमलावे, असा त्या समितीचा आग्रह होता. जेथे केवळ सुताची मोजदाद उरते, तेथे तकली फिरते आणि मन जागच्या जागीच राहते.

तान्ह्या पोळ्याच्या आधी मुलांना मातीचे बैल करावयास द्यावे. शिंगे नीट बसेपर्यंत मान वर न करणारी मुले त्या दिवशी दिसतील. अशा वेळी तासिका संपली म्हणून माती आवरावयास लावू नये. गणिताचा तास थोडा पुढे गेला तरी चालेल. तपासणीस अधिकारी आले आणि मुलांचे तिकडे लक्ष गेले नाही, तर मुख्याध्यापकांनी टाळी वाजवून त्यांना नमस्कारासाठी उभे करू नये. अधिकाऱ्यास दारात पाच मिनिटे थांबता येते.