श्वास आधी की छाती आधी?



मी डॉक्टर नाही, डिप्लोमा झालेला रेल्वेचा इंजिनीअर आहे. पण रेल्वेत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे प्रथमोपचार शिकवतात. त्यातला एक क्रम पुढे बदलला, आणि तो बदल आपल्या घरांपर्यंत पोचलेला दिसत नाही, म्हणून हा विषय घेतला.

पूर्वी सांगत, माणूस कोसळला की आधी श्वासाची वाट मोकळी करा, मग तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. 2010 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने छाती पहिली आणली. 2017 साली आपल्या भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसासाठी आणखी सोपे केले: मोठा माणूस अचानक कोसळला तर फक्त छाती दाबा. छातीच्या मधोमध, मिनिटाला 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल.

श्वास का नको? आमच्या ब्रेकच्या भाषेत सांगतो. वॅगनखाली ऑक्झिलरी रिझर्व्हायर असतो. ब्रेक पाइप फुटला तरी त्यात साठलेल्या हवेवर ब्रेक लागतो. तसाच हृदय अचानक थांबल्यावर रक्तात काही मिनिटांपुरता प्राणवायू शिल्लक असतो. बंद पडलेला असतो तो पंप. तो आपल्या हातांनी चालवायचा.

ओळखायचे कसे? खांदे हलवून हाक मारली तरी ओ नाही आणि श्वास नाही, किंवा मधूनच आचके. इथेच फसगत होते. आचके म्हणजे श्वास नव्हे. लगेच एकाने 108 लावावा, दुसऱ्याने दाबायला लागावे. कांदा नको, चप्पल हुंगवणे नको. पाणी तर मुळीच नको, ते श्वासनलिकेत उतरते. डोक्याखाली उशीही नको. मान पुढे वाकते आणि मागे पडलेली जीभ वाट बंद करते.

ॲम्ब्युलन्स आली की पुढचे काम त्यांचे. श्वासनलिकेत नळी घातली नाही म्हणून त्यांच्याशी भांडू नये. इंग्लंडमध्ये 9,296 रुग्णांवर झालेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. श्वासनलिकेत नळी घातलेल्यांपैकी 6.8 टक्के, तर घशात आय-जेल हे सोपे साधन बसवलेल्यांपैकी 6.4 टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत वाचले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. आणि आकडे किती लहान आहेत ते पाहा! म्हणून ॲम्ब्युलन्स येण्याआधीची मिनिटे आपली.

आता अपवाद, आणि तो विसर्जनाचा आहे. खारूनवर महादेव घाटाला आपण सगळेच जातो. बुडालेल्या माणसाचा प्राणवायू आधी संपतो, हृदय नंतर थांबते. तिथे साठा रिकामा! म्हणून बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर डोके मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून आधी दोन श्वास द्यावे, मग 30 दाब, पुन्हा 2 श्वास. लहान मुलांनाही श्वास हवाच. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये.

मंडपात मागे दोन घट्ट उश्या ठेवल्या आहेत. आरतीआधी प्रत्येकाने दोन-दोन मिनिटे दाबून पाहावे. एका मिनिटातच हात भरून येतात, म्हणून पाळी बदलायला जोडीदार घेऊन या.